चतकोर गोळी

आमचा वजनकाटा आहे. भाजीचा नव्हे, ट्रकचा. खाडीकाठच्या आमच्या लोकांनी शेतांत गोदामं बांधली, पण आमच्या वाट्याला रस्त्याकडेची चिंचोळी पट्टी आली. तिच्यात गोदाम बसेना, म्हणून बाबांनी काटा टाकला. गाडी भरून येते तेव्हा एक वजन, रिकामी होऊन येते तेव्हा दुसरं, मधली वजाबाकी करून पावती फाडायची. माझं लग्न जमत होतं तेव्हा आईनं मुलीकडच्यांना सांगितलं होतं, "आमचा पोऱ्या लय तोलूनमापून वागतो." ते खोटंही नव्हतं. दुसऱ्याचा माल मी कधी चुकीचा तोललेला नाही. स्वतःच्या डोक्याचा प्रश्न आला तेव्हा मात्र माझ्या तोलण्याच्या नावानं बोंब झाली.

सुरुवात कॅमेऱ्यानं केली. काट्यावर ड्रायव्हर लोकांशी वाद होतात म्हणून केबिनमध्ये कॅमेरा लावून घेतला. लावणाऱ्यानं तो माझ्या पाठीमागे, पार छताशी ठोकला. दुपारी सहज स्क्रीनकडे बघितलं तर माझ्या खुर्चीत कुणी टकला इसम बसलेला. म्हटलं, आयला, हा कोण? मी झटकन मागे वळलो. तोही वळला. मी हळूच डोक्यामागे हात नेला, त्यानंही नेला. रोज आरशात समोरून भांग पाडणाऱ्या माणसाला आपल्या पाठीमागे काय चाललंय याचा पत्ता नसतो. माझ्या भोवऱ्यापाशी चहाच्या बशीएवढं मैदान मोकळं झालं होतं, आणि मी आपला पुढच्या झुलपांवर खूश होतो.

त्याच दिवशी एक ड्रायव्हर खिडकीत येऊन म्हणाला, "चाचा, पर्ची देना." मी तेव्हा बत्तीस वर्षांचा. बोलणाऱ्याच्या मिशा पांढऱ्या. मी त्याला पावती देताना इतक्या जोरात फाडली की अर्धी माझ्याच हातात राहिली.

घरी येऊन बायकोला विचारलं, तुला हे माहीत होतं का? ती भात काढत होती. मान वर न करता म्हणाली, "लग्नातच बघितलं होतं. अंतरपाट खाली आला, तुम्ही हार घालून घ्यायला वाकलात ना, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? मी काय केसांशी लग्न करत होते?"

एवढं ऐकल्यावर शहाण्या माणसानं तो विषय तिथंच मिटवला असता. पण मी शहाणा कुठला, मी टकला.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी डोक्याला लावायचं पाणी दिलं. सकाळ-संध्याकाळ लावा, सुरुवातीला थोडे केस गळतील, घाबरू नका, चिकाटी ठेवा. चिकाटी त्या पाण्यालाच होती. ते लावून मी एकदा निजामपुऱ्यात एका लूमवाल्याकडे गेलो. त्या गल्लीत दोन्ही बाजूंनी कापड विणणारे लूम खडखडत असतात आणि हवेत कापसाचे तंतू तरंगत असतात. तासाभरानं मी बाहेर निघालो तर लूमवाला माझ्याकडे बघून पोट धरून हसायला लागला. "क्या सेठ, अंदर आये तब जवान थे!" सगळा कापूस माझ्या डोक्याला चिकटला होता. वर सांगितल्याप्रमाणे केस गळायलाही लागले, आणि घाबरू नका म्हटलेलं असूनही मी व्यवस्थित घाबरलो. बाटली बाथरूमच्या खिडकीत ठेवली आणि पुन्हा बाईंकडे गेलो.

मग त्यांनी गोळीचं सांगितलं. बाई चांगल्या होत्या, फोड करून सांगत होत्या. आहेत ते केस टिकतात, काहींना थोडे नवे येतात, पण काही महिने लागतात. गोळी बंद केली की मिळवलेलं सगळं जातं. आणि काही थोड्या पुरुषांना इच्छा कमी होणं, जोर कमी पडणं, मन उदास होणं असा त्रास होतो. बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो, क्वचित कुणाचा रेंगाळतो. तसं काही वाटलं तर लपवू नका, लगेच या. त्यानंतर त्यांनी आणखी काहीतरी सांगितलं. बायकोबद्दल होतं, गोळी अख्खी ठेवण्याबद्दल होतं. मी मान डोलावत होतो. माझे कान 'जोर कमी' या दोन शब्दांपाशीच अडकून बसले होते.

झालं! गोळ्यांची पाकिटं आणली आणि तोलायला बसलो. आम्हाला त्या वेळी मूल हवं होतं, आई दर चतुर्थीला सुनेच्या पोटाकडे बघून उसासे टाकत होती, आणि मी एका पारड्यात केस आणि दुसऱ्यात मर्दपणा घालून काट्याच्या केबिनमध्ये बसलेला. मोबाईलवर वाचावं तर एक म्हणे माझं आयुष्य बरबाद झालं, दुसरा म्हणे माझ्या डोक्यावर जंगल उगवलं. गाडी काट्यावर उभी आणि मी मोबाईलमध्ये, असं होऊन मागे हॉर्नवर हॉर्न वाजायचे. बायको म्हणाली, "एवढी भीती वाटते तर नका घेऊ." मी म्हटलं, "आणि केस?" ती म्हणाली, "मग घ्या." मी म्हटलं, "आणि त्याचं?" ती तिथून उठून गेली.

या गोंधळात आई पडली. आमच्या घरातली सगळी औषधं आईच्या एका बिस्किटाच्या डब्यात असतात. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण अक्षरांच्या वळणावरून ती कुणाची गोळी कुठली ते बरोबर ओळखते. एका सकाळी तिनं दोन पाकिटं माझ्यासमोर धरली. "तुझ्या न् तुझ्या बापाच्या गोळीचं नाव एकच हाय. बघ."

मी बघितलं. खरंच की. बाबांना दोन वर्षांपासून लघवीचा त्रास, प्रोस्टेट वाढलेलं, त्यासाठी चालू असलेली गोळी आणि माझी केसांची गोळी एकच. बाबांची पाच पट मोठी, एवढाच फरक. मेडिकलवाल्यानंही सांगितलं, हो, औषध तेच. म्हणजे ज्या भीतीनं मी इतके दिवस झुरत होतो, तिचा अनुभव असलेला माणूस माझ्याच घरात, ओट्यावर बसून बिडी ओढत होता. आणि पंचाईत अशी की जगात कुणालाही विचारता येईल, पण बापाला विचारता येणार नाही.

तरी मी प्रयत्न केला. जवळ जाऊन बसलो.

"बाबा, त्या गोळीनं कसं वाटतं?"

"बेस. धार सुधारली."

"नाही, बाकी?"

"बाकी काय?"

"म्हणजे... बाकी तब्येत?"

बाबांनी विचार केला. "बाकी गुडघे दुखतात," म्हणाले.

आईच्या लेखी निकाल लागला होता. "तुझा बाप पाच पट खातो, त्याला काय झायला? आनि एवढी मोठी गोळी घरात असताना तू बारकी बाहेरून कशाला आनतस? चतकोर करू." आईनं आयुष्यभर भाकरीचे चतकोर केले, तिला गोळीचं काय नवल! पानाचं तबक पुढे ओढलं, सुपारीचा अडकित्ता घेतला आणि गोळीचे असे चार तुकडे पाडले की मेडिकलवाल्यानं बघत राहावं. सुपारी कातरण्यात तिचा हात धरणारा आमच्या आळीत कुणी नव्हता. मी पहिला चतकोर तिच्या हातून घेतला. देवाचा प्रसाद घ्यावा तसा, उजव्या हातानं.

तिथून पुढे रोज जेवण झालं की आई तबक घेऊन बसायची. आधी माझी गोळी कातरायची, मग त्याच अडकित्त्यानं स्वतःची सुपारी. बायको नंतर तबक ओल्या फडक्यानं पुसून ठेवायची.

आणि काय सांगू, गुण आला! काही महिन्यांनी स्क्रीनवरची बशी बशी राहिली नाही, लहान वाटी झाली. मी मुद्दाम कॅमेऱ्याखाली मान वाकवून वाकवून बघायचो. आणि ज्याची भीती होती तेही काही झालं नाही, कारण बायकोला दिवस गेले. मी तर हवेतच! केसही आले, पोरही येणार, दोन्ही पारड्यांत भरघोस. काट्यावर कुणी चाचा म्हटलं तरी हसून पावती द्यायचो. बायकोला मळमळायचं, अन्न जात नव्हतं, तर आई तिला प्रेमानं अडकित्त्यानं कातरलेलं सुपारीचं खांड द्यायची. "तोंडात धर, बरं वाटेल." तिलाही खरंच बरं वाटायचं.

बायकांच्या डॉक्टरकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी अगदी ऐटीत खुर्चीवर बसलो होतो. या बाई वयस्क, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी बायकोला विचारलं, काही औषधं चालू आहेत? ती म्हणाली, "मला नाहीत. ह्यांना केसांची गोळी चालू आहे." मला वाटलं बाई आता माझ्या केसांकडे बघतील. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ती गोळी तुम्ही हाताळता का? फुटलेली, तुकडे केलेली?"

"सासूबाई अडकित्त्यानं कातरतात. मी तबक पुसते." मग तिनं पोटावर हात ठेवला. "आणि त्याच अडकित्त्याची सुपारी खाते मी."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला गोळी लिहून देताना कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं हो! आत्ता मला तो सगळा प्रसंग लख्ख आठवला. डॉक्टरीणबाईंचा हात, टेबलावरचा पेपरवेट, आणि 'गरोदर बाईनं तुकडे केलेली गोळी हातातसुद्धा घ्यायची नाही' हे पूर्ण वाक्य. माझ्या मानेनं ते ऐकून होकारही दिला होता. फक्त मी तिथं नव्हतो.

बाईंनी समजावलं. अख्ख्या गोळीवर आवरण असतं, तिचा प्रश्न नाही. तुकड्याची पूड अंगाला लागली, पोटात गेली, तर पोटातल्या मुलाला धोका असू शकतो. मुलगी असेल तर तशी काळजी नाही. मुलगा असेल तर त्याच्या लघवीच्या जागेची घडण बिघडू शकते. "पोटात गेलं ते फार थोडं असणार. बहुतेक काही होणार नाही. पण काहीच होणार नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. आजपासून ते बंद."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग मुलगा आहे का, मुलगी?"

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. लाल अक्षरात होतं. बाहेर बसलेल्या दोन बायकांनी माझ्याकडे असं बघितलं की, हा त्यातलाच एक. मी कुणाकुणाला सांगणार, बायांनो, मला मुलगी हवी आहे म्हणून?

रिक्षात बायको पदरानं आपले हात पुसत राहिली. ती मला नेहमी अहो-जाहो करते. त्या दिवशी घरात शिरली आणि आई-बाबांच्या देखत म्हणाली, "इतके दिवस तू तोलत बसलास. एकीकडे तुझे केस, दुसरीकडे तुझी मर्दानगी. त्या काट्यावर मी कुठं होते रे? हे पोर कुठं होतं?"

मी घाबरलो होतो, इतका घाबरलो होतो की हातातली रिक्षावाल्याची मोड तशीच मुठीत धरून उभा राहिलो होतो.

आईला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती तबकापाशी बसली, अडकित्ता उचलला, उलटापालटा करून बघितला. "माज्या हातानं," म्हणाली. "मीच कातरून देत व्हती तिला." मग तिनं अडकित्ता जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माळ्यावर टाकला. चाळीस वर्षांचं पान त्या दिवशी सुटलं. तिला तसं बसलेलं बघून मला रडू आलं, आणि बायकोही शेवटी तिच्याच मांडीवर डोकं ठेवून रडली. बाबा ओट्यावरून उठून आत आले, आपलं गोळ्यांचं पाकीट डब्यातून काढलं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. एवढंच ते करू शकत होते.

त्यानंतर आमच्या घरात उलटी गंगा वाहायला लागली. नातवासाठी इतकी वर्षं नारळ फोडणारी माझी आई देवापुढे हात जोडून मोठ्यानं म्हणू लागली, "आये, पोरगी दे. पोरगीच दे." शेजारणी अवाक्. सगळ्या आळीत बोलवा झाली की म्हातारी शहाणी झाली, टीव्ही बघून सुधारली. एक बाई तर तिला महिला मंडळात भाषण करायला बोलवायला आली. आई तिला म्हणाली, "मना भाषण न्हाय येत. मना पोरगी पायजे."

मी गोळी सोडली होतीच. एका सोमवारी काटा बंद ठेवून वज्रेश्वरीला गेलो. अकलोलीच्या गरम कुंडात अंग भाजून घेतलं, आणि वर येऊन देवीच्या पायऱ्यांपाशी बसलेल्या न्हाव्यापुढे डोकं ठेवलं. म्हटलं, सगळे काढ. त्यानं वस्तरा भिजवला. हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं काय घरात?"

"न्हाय," मी म्हटलं. "यायचं हाय."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि कामाला लागला. देवीला मी मनात सांगितलं, बाई, देण्यासारखं फार काही नाही, त्यातही अर्धं गोळीचं आहे, पण आहे ते सगळं घे. पोर धड असू दे. मुलगा असो नाही तर मुलगी, धड असू दे. इतक्या महिन्यांची मेहनत मिनिटाभरात त्या दगडी पायरीवर पडली, आणि खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही.

गुळगुळीत डोक्यानं घरी पोचलो तर बाबा ओट्यावर. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बाप जिवंत असताना पोरानं मुंडण करायचं नसतं. "मी हाय अजून," बाबा शांतपणे म्हणाले, "मना इचारायचंस तरी." नवसाचं आहे म्हटल्यावर गप्प झाले. काट्यावरच्या ड्रायव्हर लोकांनी मात्र बाबा गेले असं समजून आठवडाभर माझं सांत्वन केलं, आणि बाबा स्वतः चहा घेऊन केबिनमध्ये आले की ते लोक दचकायचे.

पुढचे महिने कसे काढले ते आमचं आम्हाला ठाऊक. सोनोग्राफीत सगळं ठीक दिसत होतं, पण बाई म्हणायच्या, अगदी सगळंच त्यात दिसतं असं नाही. बायको माझ्याशी बोलायची, भांडायची, हसायचीही, पण केसांचा विषय निघाला की गप्प व्हायची. माझ्या डोक्यावर पुन्हा खुंट आले, मधली बशी पूर्वीपेक्षा ऐसपैस झाली.

बाळंतपण नीट झालं. नर्स हसत हसत बाहेर आली. "आजी, पेढे काढा, मुलगा झाला!"

आईचं तोंड एवढंसं झालं. मुलगा झाला ऐकून भिंतीला हात टेकून खाली बसलेली आजी त्या नर्सनं तरी पहिल्यांदाच बघितली असणार. नर्स गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगणार?

लहान मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं. दिसायला सगळं जागच्या जागी आहे, म्हणाले. आता लघवी करू दे, धार बघा, सरळ आहे ना, जोरात आहे ना. मग मला सांगा. आणि निघून गेले.

असे आम्ही त्या खोलीत थांबलो. बायको पलंगावर थकून पडलेली, तिच्याजवळ बाळ, लंगोट सोडून उघडं ठेवलेलं. आई एका बाजूला हात जोडून. बाबा दुसऱ्या बाजूला, या विषयातले घरातले एकमेव जाणकार म्हणून सगळ्यात पुढे. बाळ मुठी वळून झोपलेलं. एका मुतण्यासाठी चार मोठी माणसं इतकी श्वास रोखून थांबलेली मी जन्मात बघितली नव्हती.

बराच वेळ झाला, काही नाही. मला राहवेना. मी वाकलो, अगदी जवळ, नीट बघावं म्हणून. बाळानं पाय ताणले.

पहिली धार माझ्या कपाळावर बसली. मी मान खाली घातली तर ती वर चढली आणि थेट टाळूवर, जिथं मी इतकं पाणी चोळलं होतं, जिथल्यासाठी इतके चतकोर खाल्ले होते, बरोबर तिथं. मी हललो नाही. ती सरळ होती. जोरात होती. गरम होती. थांबतच नव्हती.

"ह्याला बोलतात धार," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि थोडा हेवाही होता.

आई हुंदके देत, हसत बाळाच्या तळव्यांना कपाळ लावत होती. मी तसाच वाकलेला, डोक्यावरून ओघळ, डोळ्यांतून वेगळेच ओघळ. टॉवेलसाठी मी चाचपडत हात पुढे केला. बायकोनं टॉवेल उचलला, पण दिला नाही. टाके दुखत होते तरी तिला हसू आवरत नव्हतं, कितीतरी महिन्यांनी ती माझ्या टकलाकडे बघून हसत होती.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "एवढं काय काय लावलंत त्या डोक्याला, हेही जिरू द्या जरा."